शिवेवरची हरणं

बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, आली की गावं मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडत. रोग आपल्यातून गेला, पुढच्या गावाने बघून घ्यावं. मला त्याचं हसू येई. मी गुरांचा सरकारी डॉक्टर, सोलापुरात भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा. मोहोळच्या पलीकडच्या एका गावात आजारी गुरं वेगळी काढायचा हुकूम मी दिला आणि ती शिवेवरच्या माळावर, ओढ्याकाठी बांधायला लावली. गावापासून लांब, एवढंच पाहिलं. त्या ओढ्यावर पाण्याला कोण येतं, हे विचारलं नाही.

माळावर मेंढरं चारणारा एक म्हातारा धनगर चावडीवर आला.

"डागदर, हरणांच्या डोळ्याला धार लागलीया. लाळ गळतीया. बगायला चला की."

पाटील हसले. "त्यास्नी बी टोचायचं व्हय रं? धरून आण मग!"

मीही हसलो. गेलो नाही.

थोड्याच दिवसांत शिवेपलीकडच्या गावात गुरं पडू लागली. वरून विचारणा आली, बंदोबस्त असताना रोग तिकडे गेला कसा? मी लिहिलं, धनगराने शीव ओलांडायची मनाई मोडून मेंढरं ओढ्यापलीकडे नेली. त्याने नेली नव्हती. मला ते ठाऊक होतं. त्या कागदावरून दोन्ही गावांनी त्याची चराई बंद केली आणि तो कळप घेऊन निघून गेला.

तो गेल्यावर मी ओढ्यावर गेलो. बाभळीखाली हरणाची एक मादी मरून पडली होती. तिथेच फाडली. तोंडात तेच व्रण, आतड्यावर तेच लाल पट्टे, जे मी गुरांत रोज पाहत होतो. हात धुतले. आजारी गुरं या ओढ्याकाठी मीच बांधायला लावली होती.

दुसरा कागद खरा लिहिला. साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला. "हरणांचा पंचनामा करायला कुणी सांगितलं तुम्हाला? आणि पहिल्यावर सही तुमचीच ना?"

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी माळरानं हिंडू लागलो. मेलेलं हरीण, कोल्हा, जे मिळेल ते उघडून पाहायचं, लिहून ठेवायचं. कपड्यांचा वास जाईना. खाणावळीत माझ्या पाटाशेजारचा पाट रिकामा राहू लागला. काही वर्षांनी दूरच्या एका प्रयोगशाळेने माझ्या वह्या मागवल्या आणि मला त्याच कामावर घेतलं. लोक याला जिज्ञासा म्हणतात. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

धनगर अखेर अक्कलकोटच्या बाजूला सापडला, दुसऱ्याच्या शेतात कडबा बांधत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कागदात काय लिहिलं, तेही.

त्याने हातातली पेंढी बांधून टाकली. मग म्हणाला, "हरणं ऱ्हायली का तितं?"

"थोडी आहेत."

"बरं."

"मी पाटलांना जाऊन खरं सांगतो. चराई पुन्हा मिळेल."

"कशाला? मेंढरं इकली की म्या तवाच."

त्याने पुढची पेंढी ओढली आणि तिच्याभोवतीचा आळा आवळला. मला बसा म्हणाला नाही. मी बांधावरून स्टेशनच्या वाटेला लागलो.