तबकातला विडा

आमच्या माहेरी, सांगलीला, जेवण झालं की समोर असेल त्याच्या हातावर विडा पडायचा. दूधवाला आला तरी वडील म्हणायचे, पान घ्या. त्यामुळं साताऱ्याजवळच्या या फौजी घरात नांदायला आले तेव्हा इथली रीत मला ठाऊकच नव्हती.

लग्नानंतर हे पहिल्यांदा सुट्टीवर आले. मटणाचं जेवण झालं. मी हौसेनं विडा लावला, वर लवंग टोचली आणि पितळी तबकात ठेवून ह्यांच्यापुढं सरकवला. ह्यांनी गप्पांच्या नादात उचलून तोंडात टाकला. सासूबाई खरकटी आवरता आवरता थांबल्या.

सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पूर्वी दरबारात तबक फिरायचं. विडा उचलंल त्यो मोहिमेवर. दुसरीकडं लढाईला बोलवायला कुणी बाण धाडायचं, कुणी तलवार. आपल्यात विडा. ह्या घरात पलटणीचं बोलावणं आलं, तरच बाई तबकात विडा ठेवती. आज तुज्या हातनं आवतण गेलं, पोरी."

"आवं मामंजी, साधं पान ते," मी म्हणाले. मनात म्हटलं, काय खुळी माणसं.

तिसऱ्या दिवशी पलटणीची तार आली. हे गेले. परत आले ते गुडघ्यात लोखंड घेऊन. मला कुणी शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर भांडून मोकळी तरी झाले असते. मग मीच स्वतःला बोल लावत राहिले आणि घरात पान आणायचं बंद केलं. पूजेचे विडेसुद्धा शेजारीण लावून द्यायची. बायका हसायच्या. हसू देत.

पुढं मुलगाही फौजेत भरती झाला. यंदा तो सुट्टीवर आला आणि आठवड्यातच टीव्हीवर सारखं सरहद्दीचं सुरू झालं. मी टीव्ही बंद करायची, हे लावायचे. एका सकाळी मी भाकरी थापत होते, तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्यानं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"आई, सुट्टी रद्द झाली. दुपारची गाडी धरायला लागंल. विडा लाव."

"घरात पान न्हाई," मी म्हणाले. मला वाटलं, विडाच नसेल तर जाणं लांबेल. वेडी आशा, दुसरं काय. तो चौकातल्या टपरीवरून चार पानं, चुना, सुपारी सगळं घेऊन आला.

विडा लावताना चुना जास्त पडला. तसाच बांधून मी तबकात ठेवला. मुलगा उचलायला वाकणार, तोवर हे पाय ओढत आले, खाली बसले आणि विडा उचलून सरळ तोंडात टाकला. चुन्यानं तोंड भाजलं असणार, डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकले नाहीत.

"मी उचललाय," ते म्हणाले. "आता मी जातो."

कुणीच हसलं नाही. मुलगा त्यांच्याजवळ बसला. लोखंडाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, तुमचं जाऊन झालंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, दोन पानं उरल्यात. दुसरा लाव."

त्याचं तोंड भाजू नये, एवढंच माझ्या हातात होतं. मी चुना बेतानं लावला.