माजी माणसांच्या सह्या

खुर्चीवरच्या माणसाला यमुनाबाईंनी कधी पत्र लिहिलं नाही. दिल्लीतला कोणी मोठा नेता पायउतार झाला, की मधल्या सुट्टीत त्या आंतरदेशीय पत्र घेऊन बसत. त्या सौंसरला ज्या शाळेत शिकवत, तिथे मी नवीनच शिक्षिका होते. कारण विचारलं तर म्हणाल्या, "खुर्चीवर असते तवा सेक्रेटरी लिहिते. खुर्ची गेली का माणूस सोता लिहिते."

आणि लिहीत, खरंच. एका माजी केंद्रीय मंत्र्यांनी तर कबूल केलं होतं, की तुमच्या वस्तीतल्या मुलींची शाळा माझ्या हयगयीमुळे राहून गेली. खाली शाईची सही. मुलींना ते पत्र बाई दरवर्षी वाचून दाखवत. साऱ्या संग्रहात त्यांचा जीव त्याच कागदात होता.

पांढुर्ण्याच्या वाचनालयाचे अध्यक्ष, संत्र्याचे व्यापारी दादासाहेब, यांनी तेच पत्र प्रदर्शनासाठी मागून नेलं. महिने गेले. शेवटी आम्ही दोघी बसनं गेलो, तर पत्र त्यांच्या बैठकीत, फ्रेममध्ये!

"हे तं मले आलं, बाई," दादासाहेब सुपारी कातरत म्हणाले. "तुमाले कायले लिहीन मंत्री?"

परतताना माझेच डोळे भरले. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "रडून नोको राहू. त्याले माजी होऊ दे."

बाईंचा राग चुलीतल्या निखाऱ्यासारखा, वरून राख. इतरांना दादासाहेबांबद्दल चकार शब्द नाही. काही वर्षांनी दादासाहेब अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपटले आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी आंतरदेशीय काढलं. आपणही आता माजी झालात, माझ्या संग्रहात आपली सही हवी. मंत्र्यांचं पत्र आपल्याला कसं आलं तेही लिहावं, आणि वाचनालयाच्या वार्षिक सभेत ते पत्र सर्वांना दाखवावं.

दिल्लीकरांच्या पंगतीत पाट मिळतोय म्हटल्यावर गडी फुलला. दोन पानं पाठवली: मंत्री आपले जुने स्नेही, पत्रात आपल्याला 'बंधू' म्हणतात. खाली झोकदार सही.

सभेला दादासाहेब फ्रेम घेऊन आले. बाईंनी त्यांची दोन पानं मोठ्यानं वाचली, टाळ्या पडू दिल्या. मग म्हणाल्या, "आता फ्रेम खोला."

दादासाहेबांनी वरची ओळ दुमडून काचेमागे दडवली होती. नव्या अध्यक्षांनी ती उलगडून वाचली, "प्रिय भगिनी यमुनाबाई."

सभागृह खो खो हसलं. बाई हसल्या नाहीत. "मायं पत्र द्या," एवढंच म्हणाल्या. दादासाहेबांची दोन पानं मात्र त्यांनी परत केली नाहीत. आपल्या फाईलीत मंत्र्यांच्या पत्राशेजारीच लावली.

बाई गेल्यावर फाईल माझ्याकडे आली. परवा दादासाहेबांचा मुलगा घरी आला. "ताई, बाबा आता राहिले नाही. ते दोन पानं देऊन टाका नं. लोकं अजून हसून राहिले." बाई असत्या तर त्यांनी मोठ्या मनानं दिली असती, असं तो म्हणाला. तो बाईंना ओळखत नव्हता.

मी त्याला बसवलं, चहा दिला आणि त्याच्या बापाची दोन्ही पानं सावकाश, सहीपर्यंत वाचून दाखवली. मग फाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं.