पासपोर्टापुरतं पाणी

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला आणि पाणी गायब झालं. आमच्या उदगीरच्या फोटोवाल्याने तेव्हा नियमच काढला: पासपोर्टाचा फोटो पाहिजे, तर तो धुवायला पाणी घरून आणा. मी घागर नेली. त्याने निम्मीअधिक माझ्याच तोंडावर ओतली. "दुबईला चाललाव, तोंडावर दुष्काळ दिसाय नको!" सगळ्यांचं तो असंच करी. मग तळाशी उरलेल्या पाण्यात फोटो कसेबसे धुई, आणि ते आठवड्यात हळदीसारखे पिवळे पडत. तक्रार केली की म्हणे, "तोंड तर लई साफ आलंय की!"

मुंबईच्या पासपोर्ट कचेरीत साहेबाने माझा अर्ज उघडला. पत्त्यात उस्मानाबाद खोडून लातूर केलेलं. मी खुलासा करणार, तोच त्याने माझा पिवळा फोटो पाहिला.

"राहू द्या. उदगीर ना?"