तिसऱ्या पिंजऱ्याची चटणी

सत्तरच्या दशकात मी भोसरीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा आमच्या घरात जवसाच्या चटणीचं राज्य होतं. आई रोज ती डब्यात घालायची आणि संध्याकाळी डबा उघडून बघायची. मला ती तोंडात बुळबुळीत लागायची. टाकावी तर अन्नाचा अपमान. म्हणून मी ती कंपनीतले उंदीर सांभाळणाऱ्या मामांना द्यायचे. मामा जवळच्याच खेड्यातले, हसून घ्यायचे.

तेव्हा आम्ही एक नवं औषध पांढऱ्या उंदरांना टोचून बघत होतो. ते जंतू मारायचं, पण यकृताचीही वाट लावायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुगलेल्या, फुटलेल्या दिसायच्या. फक्त तिसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या बऱ्यापैकी शाबूत. त्यांना टोचायचं काम नेमकं माझ्याकडे.

साहेब म्हणाले, "बाई, औषध टोचलंत की पाणी? सोमवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर तुम्हाला कायम करणं अवघड आहे."

मी जाम घाबरले. औषध तर मी चोख टोचलं होतं. मी मामांना गाठलं आणि विचारलं, "मामा, तिसऱ्या पिंजऱ्याला वेगळं काही घालता का?"

मामा उगाच झाडू फिरवत राहिले. "ताई, रागवू नगा. तुमची ती चटणी मला न्हाई आवडत. पर अन्न टाकायचं कसं? त्यो पिंजरा दाराशीच हाय, त्यात घालतो. आवडीनं खात्यात."

"मग घेत कशाला होता?"

"तुमी येवढ्या मायेनं देत व्हता."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. माया कसली, नकोशी चटणी मी त्यांच्या गळ्यात मारत होते.

साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. त्यांनी नवे उंदीर घेऊन पुन्हा प्रयोग लावला, अर्ध्यांना नुसतं औषध, अर्ध्यांना सोबत जवसाचं तेल. तेल प्यालेल्यांच्या पेशी याही वेळी कमी बिघडल्या. तेलातली स्निग्धाम्लं पेशीचं आवरण सांभाळत असावीत, असं साहेबांचं मत पडलं. मी कायम झाले.

घरी एवढंच सांगितलं की जवसामुळे नोकरी टिकली. आईने कसं ते विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात दुप्पट चटणी.

ती मी मामांसमोर बसून चाटूनपुसून खाल्ली. मामांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या पिंजऱ्यात उरलेल्या उंदरांकडे.

"ताई," ते हळूच म्हणाले, "आता ह्यांनी काय खायाचं?"