मशीनला शिकवणाऱ्या ईटच्या बाया

आमच्या सेंटरमध्ये दोन गोष्टी रोज साठतात. एक, दाराबाहेरच्या चपला. दुसरी, किस्से. चपला संध्याकाळी आपापल्या घरी जातात, किस्से मात्र माझ्याकडंच राहतात! आता इतके झालेत की थोडे तुमच्याकडं सोडल्याशिवाय जागा व्हायची नाही.

आधी सेंटर कसलं ते सांगते. आमच्या ईट गावच्या बाजारात खत-बियाणाच्या दुकानावर एक माडी आहे. तिथं माझा कॉम्प्युटर क्लास होता. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि क्लासला कुणी येईना. शेवटच्या बॅचला तिघं जण होते, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला यायचे. "क्लास बंद आहे" अशी पाटी मी रंगवूनसुद्धा ठेवली होती.

तेवढ्यात माझी जुनी विद्यार्थिनी शीतल पुण्याची नोकरी सोडून गावात परत आली. येताना बंगळुरूच्या एका कंपनीचं काम घेऊन आली. काम असं, की कॉम्प्युटरवर फोटो येतात. फोटोत काय आहे ते ओळखायचं, त्याच्याभोवती चौकट काढायची आणि नाव द्यायचं. असे हजारो फोटो बघून बघून मशीन शिकतं.

मी बायांना जमवून हे समजावून सांगायला लागले. फळ्यावर आकृतीबिकृती काढली. शीतलची आई, रतनमावशी, पुढंच बसलेल्या. जन्म सगळा रानात गेलेला. त्या म्हणाल्या, "म्हंजे लेकराला चित्राच्या पुस्तकात कावळा-चिमणी दावतो, तसंच की!"

माझं ट्रेनिंग तिथंच संपलं.

* * *

पहिल्या बॅचला परदेशातल्या रस्त्यांचे फोटो आले. गाडी, माणूस, सायकल, सिग्नल, असं ओळखायचं. दुपारी मंगलनं मला हाक मारली. मंगल तिशीतली, बोलण्याला फटकळ आणि हाताला चपळ.

"ताई, ह्यो लाल देव कोणचा?"

बघितलं तर रस्त्याच्या कडंला गुडघ्याएवढं लालभडक काहीतरी. मलाही कळेना. शीतल त्या दिवशी धाराशिवला गेलेली. म्हटलं, "इतर" मध्ये टाक आणि तुला वाटतं ते लिही.

संध्याकाळी मंगल खूश होऊन सांगत होती, "तिकडची माणसं लई भाविक हाईत. दर कोपऱ्याला म्हसोबा बसवलाय, आन् एकाचाबी शेंदूर उडालेला न्हाय!"

दोन दिवसांनी कंपनीचा मेल आला. एकाच ओळीचा. "व्हॉट इज म्हसोबा?"

शीतलनं हसून हसून डोळे पुसले आणि सांगितलं, की तो देव नाही, नळ आहे. आग लागली की बंबाला त्यातून पाणी मिळतं. मंगलनं क्षणभर विचार केला.

"म्हंजे राखणच करतो की! मग माझं काय चुकलं?"

* * *

महिन्याभरानं कंपनीच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांची ओळख करून घ्यायचं ठरवलं. बाया सणाला नेसाव्यात तशा साड्या नेसून आल्या. पहिला नंबर मंगलचा. साहेब हिंदीत म्हणाले, "मंगलजी, आपका बॅकग्राउंड क्या है?"

मंगलनं वळून मागं बघितलं. उठली, भिंतीला टेकवलेला झाडू उचलून बाजूला ठेवला आणि परत येऊन बसली. "काढा उसकू. अब दिखता क्या बराबर?"

माझी तर मान खाली गेली. साहेबही हसले, पण चांगल्या मनानं. त्यांनी वेगळ्या शब्दांत विचारलं, "मतलब, इससे पहले आप क्या काम करती थीं?"

"पंधरा साल से सोयाबीन में है मैं," मंगल म्हणाली. "पेरनी, खुरपनी, काटनी, सब. पान देखके बोलती मैं क्या बिमारी है. तुमारे हाफिसमें है क्या कोई ऐसा?"

साहेबांनी शेजारच्या माणसाकडं बघितलं. मग म्हणाले, "नहीं है, मंगलजी."

त्यानंतर आम्हाला रस्त्यांचे फोटो यायचे बंद झाले आणि पिकांचे, जनावरांचे यायला लागले!

* * *

मंगलचे सासरे, अण्णा. त्यांना हे काम मुळीच पसंत नव्हतं. "खुर्चीत बसून कुठं काम व्हतंय व्हय?" असं म्हणून ते रोज चार वाजता सुनेला न्यायला यायचे आणि दाराजवळच्या बाकावर तोंड फिरवून बसायचे. आपण नाराज आहोत हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, असं बसायचे.

एकदा बैलांचे फोटो आले. कोणती जात ते सांगायचं. मंगलनं एका बैलाभोवती चौकट काढली आणि देवणी म्हणून टाकला. मागून आवाज आला, "देवणी? कान बघ त्याचा!"

अण्णा कधी उठून मागं येऊन उभे राहिले ते कुणालाच कळलं नव्हतं. चाळीस वर्षं बैलबाजार फिरलेला माणूस तो! मग काय, पुढचा तासभर अण्णा बोलत होते आणि सगळ्या बाया माना वळवून ऐकत होत्या. कपाळ कसं बघायचं, शिंग कुठून वळतं, गळ्याखालची पोळी किती लोंबते. "लाल कंधारी लांबूनबी वळखू येती. ती चालतीच अशी..." म्हणून त्यांनी चालूनसुद्धा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा चार वाजता आले नाहीत. सकाळी दहालाच आले!

आणि गेल्या श्रावणातली गोष्ट. चहाची वेळ झाली म्हणून मंगल उठायला लागली. अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. जिना उतरून गेले, हॉटेलातून चहाचा ग्लास आणला आणि तिच्यासमोर ठेवला. ज्या घरात सासऱ्यासमोर सून कधी खुर्चीवर बसली नव्हती, त्या घरचे अण्णा म्हणाले,

"तू उठू नगं. बैल अर्धा ऱ्हायलाय."

* * *

शीतलचं काम तपासणीचं. सगळ्यांचे फोटो तिच्याकडं जातात. चौकट तिरकी असली, पानाचं टोक बाहेर राहिलं, की ती परत पाठवते. त्याला आम्ही रिवर्क म्हणतो. तिथं आई-बिई काही नाही. उलट रतनमावशींचं काम ती जास्त बारकाईनं बघायची, कुणी बोट दाखवायला नको म्हणून. एका दिवशी तिनं आईचे सोळा फोटो परत पाठवले. मावशींनी सोळाच्या सोळा नीट करून दिले.

त्या रात्री भाकरी शीतलनं केल्या. तिनं मायेनं पहिली भाकरी आईच्या ताटात वाढली. मावशींनी भाकरी उचलली, दिव्याकडं धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि परत परातीत ठेवली.

"कडा जाड हायत. रिवर्क!"

* * *

शीतल पुण्याहून परत आली तेव्हा गावात कुजबुज झालीच. पोरगी शहरातून परत आली म्हणजे काहीतरी झालं असणार! झालं काहीच नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की तिथं मी ज्या कॉम्प्युटरसमोर बसते तोच कॉम्प्युटर ईटलाही चालतो, मग मी तिथं खोलीत एकटी कशाला राहू?

तर शेजारच्या वाशी तालुक्यातलं एक स्थळ तिला बघायला आलं. मला मावशींनी मुद्दाम बोलावलेलं. कांदेपोहे झाले. मुलाच्या मामांनी घसा साफ केला. "मुलगी काय करते?"

शीतलचे वडील साधे माणूस. पोरीचा अभिमान तोंडावर मावत नव्हता. म्हणाले, "शिकवती."

"अरे वा! कोणत्या शाळेवर?"

"शाळा न्हाय. मशीनला शिकवती."

मामांनी मुलाच्या वडिलांकडं बघितलं. वडिलांनी मुलाकडं बघितलं. मुलगा पोह्यांकडं बघत होता. बराच वेळ विचार करून मामांनी शेवटी विचारलं,

"अनुदानित हाय का विनाअनुदानित?"

* * *

आता हा एक सांगते आणि थांबते.

सोयाबीनचे दिवस होते. पानांचे फोटो यायचे आणि रोग ओळखायचा. या फोटोंत मधून मधून काही फोटो परीक्षेचे असतात. त्यांची उत्तरं कंपनीच्या तज्ज्ञांनी आधीच ठरवलेली असतात आणि त्यावर सेंटरला मार्क मिळतात. कोणता फोटो परीक्षेचा, ते आम्हाला कळत नाही.

आमचे मार्क अचानक घसरले. आठवडाभर घसरतच राहिले. मग पत्र आलं, की सुधारणा दिसली नाही तर काम दुसऱ्या सेंटरला देऊ. बारा बायांचं काम! मला ती रंगवून ठेवलेली पाटी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

शीतलनं सगळं तपासलं. चुका एकाच जागी होत्या. काही पिवळ्या पानांना कंपनी म्हणत होती पिवळा मोझॅक, म्हणजे रोग. रतनमावशी त्यांना रोग म्हणायलाच तयार नव्हत्या, आणि बाकीच्या बाया मावशींना विचारूनच उत्तर देत होत्या.

"आई, उत्तर त्यांनी ठरवलंय," शीतल म्हणाली. "तू नुसतं मोझॅकवर दाब."

"शिरा बघ की पोरी. हिरव्यागार हायत. रानात पाणी साचलं, मुळ्यांना खायला मिळंना, म्हणून पान पिवळं पडलंय. ह्यो रोग न्हाय. भूक हाय ही."

"अगं, पण काम जाईल आपलं. सगळ्यांचं जाईल."

"रोग म्हणलं की माणूस झाड उपटून टाकतंय," मावशी म्हणाल्या. "कुणाच्या तरी रानातलं चांगलं झाड माझ्या बोटानं उपटायचं व्हय? म्या मशीनला खोटं शिकवणार न्हाय."

खरं सांगते, मी त्या वेळी शीतलच्या बाजूनं होते. मला वाटलं, चार दिवस त्यांच्या मनासारखं करावं, काम टिकवावं, मग बघू. मी तसं म्हणालेसुद्धा. मावशींनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी शीतल उशिरा आली. चपलांना चिखल, ओढणीला कुसळं. सकाळीच आईबरोबर रानात जाऊन आली होती. रोगाचं पान, भुकेचं पान, वरून आणि खालून, सगळ्यांचे फोटो काढून आणले होते. तिनं इंग्रजीत लांबलचक मेल लिहिला आणि सगळे फोटो जोडून पाठवून दिले.

चार दिवस उत्तर नाही. बाया रोज येत होत्या, काम करत होत्या, पण कुणी मोठ्यानं हसत नव्हतं. मावशी "इतर" मध्ये "भूक" लिहीत राहिल्या. बाकीच्या अकराजणींनीही तेच लिहिलं. कुणीच मोझॅकवर दाबलं नाही.

पाचव्या दिवशी कॉल आला. खुद्द ते तज्ज्ञच. बरं, ते निघाले मराठी. म्हणाले, "मावशी, वरून ही दोन्ही पानं मला सारखीच दिसतात हो."

"मग वरूनच कशाला बघता?" मावशी म्हणाल्या. "पान उलटं करा की. ह्यो रोग पांढरी माशी पसरवती, ती बसायला येती खाली. ती घावली तर रोगाचा संशय धरायचा. न्हाय घावली तर शिरा बघायच्या, रानात पाणी साचलंय का बघायचं, आन् मग बोलायचं."

तिकडं बराच वेळ कागदावर पेन फिरल्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "मावशी, माझी चूक होती."

उत्तरं बदलली. मार्क परत आले. पिवळं पान असलं की वरून एक आणि उलटं करून एक असे दोन फोटो घ्यायचे, असा नियम झाला. त्या दिवशी शीतलनं आईचा एकही फोटो परत पाठवला नाही. आणि मी ती पाटी फोडून चुलीत घातली.

नंतर काही महिन्यांनी कंपनीनं सगळ्या सेंटरांचा एकत्र कॉल ठेवला. आपल्या देशातली सेंटर, बाहेरच्या देशांतली सेंटर, पडद्यावर नुसत्या चौकटीच चौकटी. सगळं इंग्रजीत. पुढं शीतल आणि मी, मागं सगळ्या बाया. मावशी सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटलेले.

कुठल्या तरी लांबच्या देशातली एक मुलगी आपलं काम दाखवत होती. कुरळ्या केसांची, आम्ही कुणी तिला कधी बघितलेलं नाही, तिनं आम्हाला बघितलेलं नाही. तिनं पडद्यावर एका पानाचा फोटो लावला. मग तेच पान उलटं केलेला फोटो लावला. आणि अगदी सहज, रोजचा शब्द वापरावा तशी म्हणाली,

"इफ यू आर नॉट शुअर, ऑलवेज डू द रतन."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण खाली अक्षरं उमटली होती. पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि तिसरी पायरी: रतन. कंपनीच्या पुस्तकात पान उलटं करायच्या पायरीला मावशींचं नाव देऊन टाकलेलं, आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं! शीतलनं तोंडावर हात धरला. मंगलनं माझा दंड पकडला.

ती मुलगी पुढच्या फोटोवर गेली. "सो हिअर, आय डिड द रतन अगेन..."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं. रतनमावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला, हात सरळ खाली सोडले आणि सगळ्या देशांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"हजर!"