छातीएवढा ओटा

आंदर मावळात चालायला म्हणून सकाळी पुण्याहून लोकलनं निघालो आणि वाटेतल्या एका लहान स्टेशनावर उतरलो. नाव लिहीत नाही. लिहिलं तर रागाच्या भरात आणखी बरंच लिहीन. नवी चकचकीत फरशी, भिंतीवर रंगवलेले गड. पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर आलो, तर तिथं फोटो काढण्यासाठी उभा केलेला भलामोठा लाल बदाम! शेजारी स्टेशनाचा इतिहास सांगणारा फलकही होता.

बदामापाशी एक मावशी काकड्यांनी भरलेली पाटी (बांबूची टोपली) डोक्यावर घेऊन ताठ उभ्या होत्या. तळेगावच्या बाजाराला निघाल्या होत्या. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं.

“मावशी, गाडी येईपर्यंत खाली ठेवा की.”

“ठिवंल, पन उचलून कोन दील? हितं वटा व्हता, छातीएवढा. एकटीनं टेकवायची, गाडी आली का डोकं घालून उचलायची. माज्या सासऱ्यानं गावच्या मान्सांसंगट दगड घडवून बांदलता. ह्यो बदाम लावाया तोडला.”

फलकावर ओट्याचं अवाक्षर नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

“मी आहे ना, देतो उचलून,” म्हणत पाटी उतरवली आणि ओटा का तोडला ते विचारायला तडक स्टेशनमास्तरांच्या कचेरीत गेलो.

“नकाशात ओटा नव्हताच,” साहेब शांतपणे म्हणाले.

“म्हणजे लोकांनी बांधलाच नाही?”

मी टेबल आपटलं, तक्रारवही मागितली. ती कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली सापडेपर्यंत हटलो नाही. दुसरं पान लिहीत असताना भोंगा वाजला. धावत बाहेर आलो तर लोकलचा शेवटचा डबा फलाट सोडत होता. मावशी पाटीशेजारी उभ्या होत्या.

“भांडून झालं का, भाऊ?”

मला मान वर करवेना. “पुढची गाडी?”

“दुपारी. तवर बाजार उटंल. हात लावा, हमरस्त्याला जाते. जीप गावली तर गावली.”

मी पाटी उचलून दिली. हमरस्त्यापर्यंत मी घेतो म्हणालो, तर त्या हसल्याही नाहीत. चुंबळ (डोक्यावरची कापडाची गुंडाळी) नीट करून पुलाच्या पायऱ्या चढू लागल्या.

दिवसभर भातखाचरांच्या कडेनं चाललो, पण कशातच लक्ष लागलं नाही. संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी त्याच फलाटावर आलो तेव्हा बदामापुढे एक जोडपं फोटो काढत होतं. ओटा तोडणाऱ्यांवरचा माझा राग तसाच आहे आणि तक्रारीचा पाठपुरावाही करणार आहे. पण तो ओटा कधी कुणाशी भांडायला गेला नव्हता. गाडी येईपर्यंत जागेवर उभा असायचा, एवढंच. मला तेवढंही जमलं नाही.