गाड्या मोजणाऱ्या शैलाताई

रविवारी सकाळी नऊला नदीवरच्या पुलाशी भेटायचं ठरलं होतं. शैलाताई कधी उशीर करत नसत. मी सायकल कठड्याला टेकवून उभी राहिले. नऊ वाजून दहा मिनिटं झाली, वीस झाली. मार्चमधलं ऊन पडलं होतं, इथे आयर्लंडमधल्या किलकेनीत असं ऊन पडलं की माणसं उगाचच एकमेकांकडे बघून हसतात. मीही दोघातिघांकडे बघून हसले. मग फोन वाजला. शैलाताईंचा मुलगा रोहन. तो लिमरिकला नोकरीला असतो, पण शनिवार-रविवार आईकडे आला होता. “मंजिरीताई,” तो म्हणाला, आणि मग इंग्रजीत एवढंच, “आई बूट घालत होती.” जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी एक बूट घातला होता, दुसरा हातात होता. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, त्यांना कळलंही नसेल. कळलं असतं तर त्यांनी आधी मला निरोप पाठवला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसले की डोळ्यांत पाणी येण्याऐवजी हसूच येतं, आणि तो दोष माझा नाही.

आमची ओळख २०१४ सालची. नवरा, अभय, इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात लागला आणि आम्ही पुण्याहून आलो. तो सकाळी गाडी घेऊन जायचा. मी घरात. पुण्यात मी एका आर्किटेक्टकडे सात वर्षं ड्रॉइंग्ज करत होते. इथे मला कामाचा परवाना नव्हता, गाडी चालवता येत नव्हती, आणि बस इतकी विचार करून यायची की तिच्या भरवशावर कुठे जाणं कठीण. पहिल्याच महिन्यात एक जुनी सायकल घेतली, मोठ्या रस्त्यावर निघाले, तर शेजारून गेलेल्या ट्रकच्या नुसत्या वाऱ्याने मी रस्त्याकडेच्या चरात. लागलं फारसं नाही, पण सायकल शेडमध्ये गेली ती गेलीच.

मग एके दिवशी भारतीय किराणा दुकानात मी हिंगाच्या डब्या हातात घेऊन वास घेत उभी होते. मागून आवाज आला, “मराठी ना? हिंगाकडे असं संशयानं आपणच बघतो.” वळून बघितलं तर बुटक्याशा, करड्या बॉबकटच्या, गुडघ्यापर्यंत चिखल उडालेल्या एक बाई. शैला बोकारे, मूळ नागपूरच्या, औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. चौदा वर्षांपूर्वी नवरा आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या, आता नवरा नाही, मुलगा कॉलेजला दूर. हे सगळं त्यांनी हिंगाचे पैसे देईपर्यंत सांगून टाकलं. मग विचारलं, “सायकल येते?” मी ट्रकची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “मग त्या रस्त्यावर गेलीच काहून तू? रस्ते काय कमी आहेत बावा इथे?”

रस्ते खरंच कमी नव्हते, आणि कोणता चांगला हे शोधायची शैलाताईंची पद्धत त्यांची स्वतःची होती. नवरा गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना व्यायाम करायला सांगितला होता, तेव्हा त्यांनी सायकल घेतली. सायकलवर त्यांनाही गाड्यांची भीती वाटे, पण घाबरून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्या मोजायला लागल्या. घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास गाडीत टाकून कुठल्यातरी आडवळणाच्या चौकात जायचं, खुर्ची मांडायची, आणि एक तास जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या वहीत मांडायच्या. तासाला चारपर्यंत गाड्या असतील तर रस्ता पास. पाचवी आली की नापास. ट्रॅक्टर अर्धा धरायचा, कारण तो हळू जातो आणि चालवणारा हात करतो.

आता आयर्लंडच्या खेड्यात चौकात खुर्ची टाकून वहीत लिहीत बसलेली बाई दिसली की लोकांनी काय समजावं? त्यांना वाटलं, काउंटी कौन्सिलने, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेने पाठवलीय, रस्ते दुरुस्त करायला. माणसं घरातून बाहेर येऊन तक्रारी सांगू लागली. इथे खड्डा आहे, तिथे पाणी साचतं, त्या वळणावर झुडपं वाढलीत. शैलाताईंनी एकालाही खरं सांगून निराश केलं नाही. सगळं लिहून घेतलं, आणि घरी येऊन कौन्सिलला रीतसर पत्रं पाठवली. त्यातले काही खड्डे बुजलेसुद्धा! एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, टॉमच्या, फाटकासमोरचा खड्डा बुजला तेव्हा तो अंडी घेऊन त्यांच्या घरी आला. मग त्यांनी त्याला खरं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, “अहो, मग मोजत काय बसता? ज्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय तो घ्या.” असल्या अरुंद गल्लीवजा रस्त्याला इकडे बोरीन म्हणतात. शैलाताईंनी गवताचा नियम वहीत लिहून घेतला, पण मोजणं काही सोडलं नाही. केमिस्टच त्या.

आम्ही दर रविवारी जायला लागलो. आधी पाच किलोमीटर, मग दहा. त्या पुढे, मी मागे. २०१५च्या सप्टेंबरात त्या म्हणाल्या, “आज झाडांकडे जाऊ.” नदीच्या कडेने पंचवीस-एक किलोमीटर, कमानींच्या पुलाचं एक गाव, आणि त्याच्या मागे उभा चढ. तिथे एका जुन्या जमीनदाराची इस्टेट होती. हवेली कधीच जळून गेली, पण त्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून बी आणून लावलेली रेडवुडची झाडं डोंगरभर उभी आहेत. दीड शतकाची तांबडी खोडं, एवढी उंच की शेंडा बघायला हेल्मेट काढावं लागतं.

चढाच्या निम्म्यावर माझे पाय संपले. मी उतरले आणि शरमेने इकडेतिकडे बघू लागले, जसं काही कुरणातल्या गायींना त्याचं काही वाटणार होतं. पुढे गेलेल्या शैलाताई उतरून म्हणाल्या, “ढकल ना मग! घाटात चाकाला दगड लावून बैलगाडी थांबवतात, तेव्हा काय बैल लाजतात?” आम्ही दोघी ढकलत वर गेलो.

वर पोचल्यावर मी त्यांना सांगितलं. पुण्याचं तिकीट काढलं होतं, पुढच्या महिन्याचं, एकाच बाजूचं. अभयला सांगितलं होतं की आईची तब्येत बरी नाही. खरं तर आई ठणठणीत होती, मलाच इथे नको झालं होतं. दिवसभर मी कोणाची कोणी नव्हते... फोनवर “काय करतेस?” असं कोणी विचारलं की मी भांडी घासत असल्याचं सांगायची, आणि ते खरंही असायचं. शैलाताईंनी मला जवळ घेतलं वगैरे नाही. त्यांनी समोरच्या झाडाकडे बोट केलं. “बुक्की मार.”

“काय?”

“मार ना. लागत नाही.”

मी मारली. खरंच लागलं नाही. रेडवुडची साल कापसाच्या जाड गादीसारखी असते, मूठ आत रुतते. मी आणखी एक मारली, मग दोन्ही हातांनी मारत सुटले, रडत, मग हसत. एक आयरिश कुटुंब कुत्रा घेऊन चाललं होतं, त्यांनी सभ्यपणे वाट बदलली. मी दमल्यावर शैलाताईंनी डब्यातली सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, पुढे केली आणि विचारलं, “आता सांग. पुण्याला जायचंय, की इथून पळायचंय? दोन्ही चालते. फक्त आपल्याला माहीत पाहिजे आपण काय करून राहिलो.”

संध्याकाळी मी अभयला खरं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, “मलाही इथे करमत नाही गं. तुला सांगायला घाबरत होतो.” पुण्याला मी गेले, तीन आठवडे राहिले, आणि परतीचं तिकीट स्वतः काढून आले.

आल्यावर शैलाताईंनी माझ्यापुढे ती वही टाकली. “हे अक्षर मलाही वाचता येत नाही. नीट काढून दे.” हिवाळाभर मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून नकाशे काढले. कागदावर पेन्सिल, मग शाई. प्रत्येक चढ, प्रत्येक गवताची बोरीन, कुठे कुत्रा भुंकतो, कुठे सायडर-दारूची सफरचंदं कुंपणाबाहेर पडतात. एकूण नऊ नकाशे झाले. कमानींच्या पुलाच्या गावातल्या चहाच्या दुकानाने ते भिंतीवर लावले. वर्षभराने तिथे चहा प्यायला आलेल्या एका आर्किटेक्टबाईंनी दुकानदाराला विचारलं, हे कोणी काढलेत? त्यांच्या छोट्या ऑफिसने माझ्या परवान्यासाठी खटपट केली, आणि २०१७पासून मी तिथे काम करते. शैलाताईंनी याचं श्रेय कधी घेतलं नाही. नकाशात एक वळण चुकलंय, एवढं मात्र महिन्यातून एकदा ऐकवत.

त्या हट्टी होत्या, हेही लिहायला हवं. रोहनला त्यांनी लिमरिकला आपल्याजवळ राहायला यावं असं वाटे. “मॅम, यू’र सिक्स्टी, ऑन देम हिल्स ऑन युअर ओन,” असं तो म्हणायचा, मॅम म्हणजे इथल्यांची आई, आणि त्या मराठीत भांडायच्या. तो मराठी समजतो पण उत्तर इंग्रजीतच देतो, त्यामुळे ते भांडण ऐकणं म्हणजे दोन रेडिओ एकदम लावल्यासारखं. शेवटी ठरलं, एकदा दोघांनी झाडांचा चढ चढायचा, जो आधी वर पोचेल त्याचं दुसऱ्याने ऐकायचं. तो महागडी सायकल आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून आला. त्या सलवारीला रबरबँड लावून. पहिल्या वळणापर्यंत तो दिसेनासा झाला होता, तिसऱ्या वळणावर सापडला, कुंपणाला धरून वाकलेला, सकाळचा नाश्ता गवतात. शैलाताई न थांबता पुढे गेल्या आणि वर त्याची वाट बघत संत्रं सोलत बसल्या. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “ग्रँड. यू विन.” त्यानंतर लिमरिकचा विषय निघाला नाही.

त्या गेल्यावर त्याने मला विचारलं, आपण त्यांना लिमरिकला नेलं असतं तर... मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला, जाऊया का? आम्ही दोघे निघालो. टॉमच्या शेताकडे जाणारी बोरीन दोन्ही बाजूंनी उंच कुंपणाची आहे, वळणापलीकडचं काही दिसत नाही. अशा आंधळ्या वळणावर शैलाताई घंटी वाजवून ओरडायच्या, “येऊन राहिलो बरं का!” आयरिश माणसाला त्यातलं काय कळणार, असं मी एकदा म्हटलं होतं, तर म्हणाल्या, “आवाज तर कळतो!” त्या दिवशी वळण आलं, आणि माझा हात आपोआप घंटीवर गेला. ओरडावं की नाही, कळेना. तेवढ्यात पुढे असलेला रोहनच ओरडला, त्याच्या त्या आयरिश हेलात, शब्द अडखळत, “येऊन... राहिलो बरं का!”

मग कुंपणापलीकडून टॉमचा घोगरा आवाज आला, सावकाश, एकेक अक्षर नीट धरून, “या... या... बसा!”

त्यांनी त्याला हे कधी शिकवलं, आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. रोहनने सायकल गवतात आडवी केली आणि दगडी बांधावर जाऊन खरंच बसला.